राणीच्या घेराखाली

तिनेके त्या सकाळी नुसती पाव आणायला बाहेर पडली होती. ऑगस्ट लागला होता. ऊन अजून छपरांवरच होतं, तरी स्पेनमधल्या तोरेसेका गावाच्या गल्लीतले दगड तापायला लागले होते. बेकरीत तीन-चार बायका बोलत उभ्या होत्या. ती आत शिरली आणि बोलणं थांबलं. हे रोजचंच होतं. तिला कुणी कधी वाकडं बोललं नव्हतं. उलट सगळ्या हसून तिला पुढे जाऊ देत, आणि ती पाव घेऊन बाहेर पडली की मागे थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू होई. मार्चमध्ये तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रूलॉफनं, हॉलंडमधलं सगळं आवरून इथलं कारंज्यासमोरचं घर घेतलं होतं. एवढ्या महिन्यांत गावानं त्यांना ‘परदेशी’ यापलीकडे नाव दिलं नव्हतं.

त्या दिवशी तिच्या पाठोपाठ बाउतिस्ता आत आला. चौकातला बार त्याचा, आणि गावचा संत सान रोके याच्या जत्रेत पुतळे नाचवायचे तेही त्याच्याच देखरेखीखाली. पावाला हात न लावता तो तिच्याकडे बघत राहिला.

“बाई, तुमचा नवरा उंचीला किती आहे हो?” त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. तो बायकांकडे वळून म्हणाला, “बघा, मी म्हणत नव्हतो? माणूस नाही तो, विजेचा खांब आहे. राणीला असाच पाहिजे.”

बायका हसल्या. तिनेकेही हसली, आणि आपण पहिल्यांदाच या हसण्याच्या आत उभ्या आहोत हे तिला कळलं.

राजा आणि राणी हे गावाचे दोन पुतळे होते, पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावतील एवढे उंच. वर कागदाच्या लगद्याचे रंगवलेले चेहरे, खाली लाकडाचा सांगाडा आणि त्यावर जमिनीपर्यंत पोचणारा मखमलीचा घेर. घेराखाली माणूस शिरायचा, सांगाड्याचे पट्टे खांद्यावर चढवायचा, आणि सनई-ढोलाच्या तालावर सगळ्या गावातून पुतळा नाचवत न्यायचा. राजा बाउतिस्ताचा. राणी सेफेरिनोची, अगदी तरुणपणापासून. तो फेब्रुवारीत गेला. आता राणीचे पट्टे त्याच्या मापाचे, आणि गावात तेवढ्या उंचीचा दुसरा कुणी उरलेला नव्हता. सुट्टीला सारागोसा शहरातून येणारी पोरं त्या घेरात शिरली की हरवून जातात, असं बाउतिस्ता म्हणाला. पट्टे कापून लहान करता आले असते, पण कात्री घ्यायला त्याचा हात धजत नव्हता.

तिनेके घरी आली ती जवळजवळ धावतच. रूलॉफ अबोल माणूस. तिकडे असताना नगरपालिकेसाठी पूल तपासायचा. लोकांनी आपल्याकडे बघावं अशी वेळ त्यानं जन्मभर टाळली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते मेलेल्या माणसाचं आहे, तिनेके. आपलं नाही.”

“त्यांनी आपणहून विचारलंय,” ती म्हणाली. “परत नाही विचारणार.”

तो गेला. गावाच्या खालच्या अंगाला तेलाचा जुना घाणा होता, तिथे पुतळे ठेवलेले असत. आत शिरलं की वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाचा कडवट वास यायचा, आणि अंधारात आधी राणीचा पांढरा चेहरा दिसायचा, ओठ किंचित उघडे. रूलॉफ रोज संध्याकाळी तिथे सराव करायचा. जड कपाट सरकवावं तशी राणी त्याच्या खांद्यावर हलायची. एकदा सराव चालू असताना सेफेरिनोची बायको, एन्कार्ना, दारात येऊन उभी राहिली. ती तिनेकेच्या समोरच, कारंज्याच्या पलीकडच्या घरात राहायची, पण त्यांचं बोलणं असं कधी झालं नव्हतं. घरातला फुलाफुलांचा झगा, पायात सपाता. ती थोडा वेळ बघत राहिली आणि काही न बोलता निघून गेली. बाउतिस्ता म्हणाला, तिला आवडलेलं नाही, पण ती नाहीही म्हणाली नाही, आणि एन्कार्नाच्या बाबतीत एवढं पुष्कळ झालं.

सान रोकेच्या दिवशी भर दुपारी पुतळे निघाले. तिनेकेनं सज्जाच्या कठड्यावर लाल कापड सोडलं होतं आणि सकाळपासून ती तिथेच उभी होती. ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या भिंतींकडे बघवत नव्हतं. सनई खालच्या गल्लीतून वर येत होती, कधी जवळ, कधी लांब. मग वळणावर राजा दिसला, आणि त्याच्या बऱ्याच मागून, एकटीच, राणी.

तिनेकेला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सरावात अडखळणारी ती राणी ही नव्हतीच. घेर जमिनीला टेकेल न टेकेल असा फिरत होता, मान तालावर हलकेच कलत होती, आणि एवढ्या उंच पुतळ्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे असं वाटतच नव्हतं. दुतर्फा उभे असलेले लोक आधी ओरडत होते. राणी जसजशी जवळ आली तसतसे ते गप्प होत गेले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली. तिनेकेच्या डोळ्यांत पाणी आलं. रूलॉफ, तिचा तो कोपऱ्यात बसणारा रूलॉफ…

एन्कार्ना आपल्या दारापुढे खुर्ची टाकून बसली होती. राणी दरवर्षी त्या दारापुढे झुकते हे सगळ्या गावाला माहीत होतं. आजही राणी तिथे थांबली. ढोलही थांबला. आधी डावा खांदा उतरला, मग मान, मग सगळी मखमल दगडांवर गोळा झाली, आणि राणी तशीच, एक लांब श्वास घ्यावा इतका वेळ, वाकून राहिली. एन्कार्ना खुर्चीतून उठली. तिचा हात तोंडावर गेला होता. राणी पुन्हा उभी झाली तेव्हा ती हळूच म्हणाली, पण इतकी शांतता होती की सज्जात ऐकू आलं, “आभारी आहे, साहेब. फार चांगलं केलंत तुम्ही.”

राणी थोडी डुलली आणि चौकाकडे वळली.

त्याच वेळी खाली, घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरातला नळ सुरू असल्याचं तिनेकेच्या कानावर आलं.

नळ आपणच उघडा ठेवला असेल असं वाटून ती जिना उतरली. स्वयंपाकघरात झडपा लावलेल्या होत्या, अंधार होता. रूलॉफ जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसला होता. डोक्यावरून पाणी निथळत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं ते चूक सापडलेल्या मुलासारखं.

“मला नाही जमलं,” तो म्हणाला. “धुण्याच्या हौदामागच्या बोळात तिला भिंतीशी टेकवून ठेवली आणि मी बाहेर पडलो. मागच्या दारानं आलो. जाऊन सांग बाउतिस्ताला. कुणीतरी आणायला पाहिजे तिला.”

बाहेर चौकात ढोल पुन्हा सुरू झाला होता. लोक टाळ्या वाजवत होते.

“केव्हा आलास?” तिनेकेनं विचारलं.

“अर्धा तास झाला असेल… का?”

तिनं त्याला जे पाहिलं ते सांगितलं.  मग रूलॉफ म्हणाला की कुणाला तरी बोळात राणी सापडली असणार, त्यानं पट्टे चढवले असणार, दुसरं काय. आपण जाऊन त्या माणसाचे आभार मानायला हवेत आणि बाउतिस्ताची माफी मागायला हवी. तो उठलाही. पण तेवढ्यात पुढचं दार वाजलं, आणि दाराबाहेर अर्धं गाव होतं.

बाउतिस्ता घामानं भिजून आला होता, हातात दारूची बाटली. त्यानं रूलॉफला मिठी मारली आणि पाठीवर थापा मारत राहिला. लोकांच्या बोलण्यातून तिनेकेला कळलं ते एवढंच: राणी चौकात आपल्या जागेवर येऊन उभी राहिली, कुणीतरी घेर वर केला, तर आत कोणी नव्हतं.

“सेफेरिनो अस्साच करायचा,” बाउतिस्ता म्हणाला. “लोकांनी खांद्यावर घ्यायच्या आत पसार. अरे, निदान एक पेला तरी घ्यायचास गड्या. आणि केस ओले करून आलायस, वा. आम्ही इथे भाजतोय.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. बेकरीतली एक बाई तिनेकेच्या दोन्ही गालांची चुंबनं घेऊन म्हणत होती, अगं, तुझ्या नवऱ्यानं आम्हाला रडवलं की. रूलॉफनं तोंड उघडलं. त्याला खरं सांगायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तो नेहमीप्रमाणे मोडक्यातोडक्या भाषेत शब्द शोधत होता. ते शब्द त्याला सापडायच्या आत तिनेके म्हणाली, “फार दमलाय तो. रोज किती सराव केला, तुम्हाला माहीतच आहे.”

पुढे आयुष्यभर तिला तो क्षण आठवायचा तो तिच्या स्वतःच्या आवाजासकट. किती सहज बोलली होती ती. व्याकरणाची एकही चूक न करता.

त्याच दुपारी उशिरा एन्कार्नानं दोघांना जेवायला बोलावलं. नाही म्हणण्याची सोय नव्हती. टेबलावर कोकराचं भाजलेलं मटण होतं, बटाटे होते, दारूत भिजवलेले पीच होते. रूलॉफला तिनं भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं. ती सेफेरिनोची खुर्ची, हे कुणी सांगायची गरज नव्हती. बाकीच्या खुर्च्यांपेक्षा तिचे पाय उंच होते. रूलॉफनं एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला. एन्कार्नानं कपाटातून नवऱ्याचा जांभळा कमरपट्टा काढून आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

मग ती तिनेकेकडे वळली. “एक विचारायचं होतं. राणी झुकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण झुकल्यावर आतून लाकडावर दोनदा टकटक करायची, हे तुमच्या नवऱ्याला कुणी सांगितलं?”

तिनेकेनं पीचची वाटी पुढे ओढली.

एन्कार्ना सांगत राहिली. ही खूण सुरू झाली तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. तिच्या बापाला सेफेरिनो नजरेसमोर चालायचा नाही. तो राणीच्या आत शिरून यायचा, तिच्या दारापुढे झुकायचा आणि बापाच्या नाकासमोर लाकडावर दोनदा बोट वाजवायचा. अगदी पुढ्यात बसलेल्या माणसालाच ऐकू जाईल इतकं हळू. लग्नानंतरही त्यानं ते सोडलं नाही. त्याबद्दल ते दोघं एकमेकांशीही कधी बोलले नाहीत.

“आज वाजलं ते,” एन्कार्ना म्हणाली. “म्हणून विचारते.”

रूलॉफ टेबलाकडे बघत होता. सांगायचं तर आत्ताच, हे तिनेकेला कळत होतं. पण बाहेर गल्लीतून बायका जाता जाता तिच्या नावानं हाका मारत होत्या, संध्याकाळी बारमध्ये ये म्हणत होत्या. तिचं नाव, तिनेके, त्यांच्या तोंडी नीट बसत नव्हतं आणि तरी त्या ते घेत होत्या.

“त्याला आपोआप सुचलं असेल,” ती म्हणाली.

एन्कार्नानं तिच्याकडे पाहिलं. मग ती ताटं गोळा करायला लागली. “सुचलं,” ती म्हणाली. “म्हणजे कुणालाही सुचण्यासारखं होतं ते. आणि मी इतकी वर्षं…” पुढचं तिनं सोडून दिलं आणि नळाखाली भांडी धरली.

त्या घरातून बाहेर पडताना तिनेकेला पायरी दिसेना, इतकं तिचं डोकं भणभणत होतं. आपण काहीतरी उचलून आणलंय, कमरपट्टा टेबलावरच राहिला होता तरी आणलंच आहे, आणि ते त्या बाईकडे शेवटचं उरलेलं होतं.

घरी आल्यावर रूलॉफनं तिला सांगितलं की तो उन्हानं जीव घाबरून बाहेर पडला नव्हता. आत कुणीतरी श्वास घेत होतं. आधी त्याला तो स्वतःचाच वाटला. मग त्यानं श्वास रोखून पाहिला, तर तो चालूच राहिला. त्याच्या मानेमागे. बडीशेपेच्या दारूचा आणि काळ्या तंबाखूचा वास येत होता. आणि मग कानाजवळ एक माणूस, अगदी सभ्यपणे, गाडीत आपली जागा कुणी घेतली असेल तर सांगावं तसा म्हणाला, उतर… उतर आता, बाबा.

“तो वाईट नव्हता गं,” रूलॉफ म्हणाला. “त्याला फक्त ती जागा हवी होती. आपण सांगू या सगळ्यांना.”

“उद्या सांगू,” तिनेके म्हणाली. “निरोपाचा नाच होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर निरोपाचा नाच असे. पुतळे चौकातून निघून गावाला एक फेरी घालून घाण्यात परत जात. सगळं गाव जेवून सुस्तावलं होतं तेव्हा तिनेके रूलॉफला घेऊन चौकात गेली. तिथे एक कुत्रं तेवढं सावलीत पडलं होतं. तिनं राणीचा घेर उचलला. रूलॉफ वाकून आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याच्या हाताला पट्ट्यांचं पाणी लागलं होतं.

“आज वेगळं आहे,” तो म्हणाला.

तिनं डोकं आत घातलं. बडीशेपेचा वास नव्हता, तंबाखूचा नव्हता. बंद पडलेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा गार, शिळा वास होता. बाहेर दगड भाजत होते आणि आत तिच्या ओठांतून वाफ निघाली. पट्टे ओले होते, लाकूड ओलं होतं. तिनं मखमल सोडून दिली.

रूलॉफ म्हणाला, तो आत जाणार नाही. त्यानं आवाज चढवला नाही, पण तो जाणार नव्हता. आणि तिनेके काय म्हणाली? ती म्हणाली, नको जाऊस. हौदामागच्या बोळात जाऊन बस. नाच संपेपर्यंत कुणाच्या नजरेला पडू नकोस. कालच्यासारखंच होईल.

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला मान खाली घालावी लागली. पण तो गेला. आणि तिनं बाउतिस्ताला जाऊन सांगितलं की रूलॉफ आत शिरून तयार आहे, लोकांशी बोलायला लाजतोय, तुम्ही सुरू करा. मेलेल्या माणसाला ती कामाला लावत होती, आपलं नाव गावात टिकावं म्हणून.

सनई वाजली. राजा निघाला. राणी बराच वेळ हलली नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ती निघाली. ती नाचली, ताल चुकला नाही, पण आज कुणी टोपी काढली नाही. घेर फिरत नव्हता, नुसता पुढे सरकत होता. पोरं एरवी पुतळ्यांच्या पायांत घुसायची, ती आज आयांच्या कडेला चिकटून होती. कुणीतरी म्हणालं, परदेशी दमलाय. तिनेके गर्दीबरोबर चालत राणीच्या मागोमाग जात होती, आणि तिचं लक्ष घेराच्या कडेकडे होतं. राणी गेली त्या दगडांवर ओल उरत होती आणि उन्हातही वाळत नव्हती.

एन्कार्नाच्या दारापुढे राणी थांबली. ढोल थांबला. सगळे वाट बघत होते. राणी झुकली नाही. ती तशीच, ताठ, त्या बाईकडे तोंड करून उभी राहिली. टकटक झाली नाही. वेळ इतका लांबला की सनईवाला पुढे थांबलेल्या राजाकडे बघायला लागला.

तिनेके इतकी जवळ उभी होती की तिनं हात लांब केला असता तर तो एन्कार्नाच्या खांद्याला लागला असता. एक वाक्य पुरे होतं. आत माझा नवरा नाही. एवढंच. तिच्या जिभेवर ते आलं होतं. आणि तिला दिसलं की बेकरीतल्या बायका आपल्याकडे बघून हसतायत, काळजी करू नकोस अशा अर्थानं. ती गप्प राहिली.

एन्कार्नाला त्या पुतळ्यातल्या माणसाची दया आली असावी. ती उठली आणि म्हणाली, “राहू द्या, साहेब. दमलात तुम्ही. सगळं आटपलं की या घरात, पाणी घ्या, बसा थोडं.”

राणी वळली आणि उतारावरून घाण्याकडे गेली.

रूलॉफ अंधार पडायच्या आत घरी आला. तो रात्री काही जेवला नाही आणि तिनेकेनंही त्याला काही विचारलं नाही. बारमधून गाणी ऐकू येत होती. तिला बोलावायला कुणी आलं तेव्हा तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. अंथरुणात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला भुताची भीती वाटत नव्हती. एन्कार्ना भांडी धुता धुता ‘सुचलं’ म्हणाली होती, तो आवाज तिला झोपू देत नव्हता. एका म्हाताऱ्या बाईकडे तिचा नवरा आला होता. दारापर्यंत आला, झुकला, आपली खूण देऊन गेला. आणि ती खूण या दोघांनी आपल्या नावावर लावून घेतली होती.

सकाळी तिनं रूलॉफला सांगितलं, मी एन्कार्नाकडे जाते. त्यानं नुसती मान हलवली. तो सज्जातलं लाल कापड काढत होता.

कारंज्याला वळसा घालून ती पलीकडे गेली. एन्कार्नानं दार अर्धवट उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. रात्रभर न झोपल्यासारखा चेहरा होता. तिनेके थांबली असती तर तिचा धीर सुटला असता, म्हणून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी रूलॉफ बोळातच बाहेर पडला होता. तो स्वयंपाकघरात बसला होता तेव्हा राणी इथे झुकली. आत कोण होतं ते तुम्हीच ओळखलंत, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. माझ्या नवऱ्याला खरं सांगायचं होतं. मीच त्याला बोलू दिलं नाही.

 एन्कार्नाचा हात दाराच्या कडेवरून खाली सरकत गेला.

“तोच होता,” ती म्हणाली. “आणि मी त्याला ‘तुम्ही’ म्हटलं. साहेब म्हटलं. इतक्या लांबून आला तो, आणि मी परक्या माणसाशी बोलावं तसं…”

तिनेकेला वाटलं, तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती माफ करा म्हणायला लागली, पण एन्कार्नानं हातानंच तिला थांबवलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती.

“आणि काल?” तिनं विचारलं.

“कालही तो नव्हता आत. बोळात बसला होता.”

“नंतर?”

“नंतर घरीच. रात्रभर माझ्या शेजारी होता.”

एन्कार्ना तिच्या खांद्यावरून समोर, तिच्या घराकडे बघायला लागली. सज्जात रूलॉफ पाठमोरा उभा राहून कापडाची घडी घालत होता. एन्कार्नाच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. ती पुढे वाकली आणि इतक्या हळू बोलली की तिनेकेला कान पुढे करावा लागला.

“दिवेलागणीला दार वाजलं. तुमचा नवरा होता. मी बोलावलं होतं ना… मी पाणी दिलं. बसला. काही बोलेना. मला वाटलं, भाषा येत नाही बिचाऱ्याला. मग वाटलं, नवरा-बायकोचं काही बिनसलं असेल, घरी जायचं नसेल. मी अंथरूण घातलं, तर निजेना. रात्रभर त्या खुर्चीत बसून…” तिनं तिनेकेचं मनगट धरलं. तिची बोटं थंड होती. “आत्ताही बसलाय. माझ्याबरोबर आत चला. मला एकटीला भीती वाटते.”

तिनेकेनं आपला हात सोडवून घेतला. हेही तिला पुढे आठवायचं, की तो तिनं जोर लावून सोडवला होता. ती एक पायरी खाली उतरली.

घराच्या आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उंच पायांची, जड खुर्ची, फरशीवरून सावकाश. मग कुणीतरी बोललं. आवाज रूलॉफचा होता, सकाळी उठल्या उठल्या असतो तसा थोडा घोगरा. भाषा त्यांच्या घरातली, डच, जी या गावात त्या दोघांखेरीज कुणालाच येत नव्हती.

“तिनेके, आलीस का? घरी जायचं ना आता?”

तिनं मागे वळून सज्जाकडे पाहिलं. रूलॉफ अजून पाठमोराच होता. कापडाची घडी पूर्ण झाली होती, तरी त्याचे हात ती घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

आतली पावलं दाराच्या दिशेनं यायला लागली, जमिनीवर ओली, चपचप वाजणारी. त्यांच्याबरोबर काल राणीच्या घेराखाली होता तोच बंद विहिरीचा गार, शिळा वास आला. एन्कार्नानं तिनेकेकडे एकदा पाहिलं. मग तिनं दार पूर्ण उघडलं आणि ती बाजूला झाली, निघालेल्या पाहुण्याला वाट द्यावी तशी.